पाकिस्तानात धर्मस्वातंत्र्याचे कलम आहे. ते कोणाच्या अधीन आहे?

मला विचारलेला प्रश्न असा आहे की, पाकिस्तानची राज्यघटना प्रत्येक नागरिकाला आपल्या धर्माचे पालन, आचरण आणि प्रसार करण्याचा हक्क देत असताना तिथले हिंदू, ख्रिस्ती, शीख आणि अहमदी (स्वतःला मुसलमान मानणारा, पण तिथल्या राज्यघटनेने बिगरमुस्लिम ठरवलेला पंथ) इतके असुरक्षित का आहेत. आणि एखादे राज्य स्वतःला इस्लामी म्हणवते तेव्हा तिथल्या बिगरमुस्लिमांना कायद्याने नेमके काय मिळते. शिवाय, कराचीत आता आपले कोणी उरले आहे का. मी अनेक वर्षे वकिली करतो आहे, दक्षिण आशियातील राज्यघटनांचा तुलनात्मक अभ्यास विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि सिंधमधून येऊन उल्हासनगर व नागपूर येथे स्थायिक झालेल्या हिंदू कुटुंबांचे नागरिकत्वाचे अर्जही हाताळत आलो आहे. त्यामुळे या प्रश्नाची कागदावरची बाजू आणि माणसांची बाजू अशा दोन्ही मला पाहता आल्या. माझे उत्तर थोडक्यात असे की, धर्मस्वातंत्र्याचे कलम वाचून काहीही कळत नाही. ते कलम कोणाच्या अधीन ठेवले आहे, त्याची हद्द ठरवणाऱ्या खुर्चीवर कोणाला बसता येते आणि कोणाला येत नाही, हे वाचावे लागते.

आधी एक गैरसमज दूर करतो. ‘इस्लामी राज्य’ म्हटले की आपल्या मनात जिझिया येतो. मराठी वाचकाच्या बाबतीत ते स्वाभाविकच आहे, कारण १६७९मध्ये औरंगजेबाने तो कर पुन्हा बसवला आणि त्याविरुद्ध शिवाजी महाराजांच्या नावे असलेले फारसी पत्र आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण आजचे पाकिस्तान जिझिया घेत नाही. पारंपरिक फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात, बिगरमुस्लिम प्रजा ही ‘झिम्मी’, म्हणजे कराराने संरक्षण दिलेली प्रजा असे. तिला जिवाची, मालमत्तेची आणि खासगी उपासनेची हमी मिळे, परंतु राज्यकारभारात बरोबरीचा वाटा मिळत नसे. आधुनिक इस्लामी राज्यांनी ही चौकट जशीच्या तशी उचललेली नाही, आणि त्या सर्वांचा साचाही एक नाही. इराणच्या राज्यघटनेचे तेरावे कलम झरतुष्ट्री, यहुदी आणि ख्रिस्ती यांनाच अल्पसंख्याक म्हणून ओळखते व बहाईंना वगळते. सौदी अरेबियात इतर धर्मांच्या सार्वजनिक उपासनेला जागाच नाही. पाकिस्तानचे वेगळेपण असे की, तिथे इंग्रजी परंपरेची मूलभूत हक्कांची सनद आणि इस्लामी राज्याची कल्पना एकाच दस्तऐवजात शेजारी शेजारी बसवली आहेत. दोन्हींचे जिथे जमत नाही, तिथे काय होते ते पाहण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, म्हणून मी त्यावरच थांबतो.

११ ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत संविधान सभेपुढे मोहम्मद अली जिना यांनी सांगितले की, आपण आपल्या देवळांत जाण्यास मोकळे आहात, मशिदींत किंवा अन्य कोणत्याही उपासनास्थळी जाण्यास मोकळे आहात, आणि आपला धर्म, जात वा पंथ कोणता याच्याशी राज्याच्या कारभाराचा संबंध नाही. त्या सभेच्या पहिल्या बैठकीचे तात्पुरते अध्यक्ष जोगेंद्रनाथ मंडल होते. बंगालमधील दलितांचे हे नेते, १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांना बंगालमधून भारताच्या संविधान सभेवर निवडून आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते. पुढे मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले. ऑक्टोबर १९५०मध्ये त्यांनी पूर्व बंगालमधील हिंदूंवरील अत्याचारांचा पाढा वाचणारे प्रदीर्घ राजीनामापत्र लिहिले आणि ते भारतात परतले. जिनांचे भाषण आणि मंडलांचे राजीनामापत्र यांत तीन वर्षांहून थोडे अधिक अंतर आहे, आणि त्या अंतराच्या मधोमध, मार्च १९४९मध्ये, ‘उद्दिष्टांचा ठराव’ उभा आहे.

पंतप्रधान लियाकत अली खान यांनी मांडलेला हा ठराव १२ मार्च १९४९ रोजी संमत झाला. सार्वभौमत्व अल्लाहचे असून लोकांनी ते त्याने घालून दिलेल्या मर्यादेत वापरावयाचे, मुसलमानांना कुराण आणि सुन्नाह (प्रेषितांचा आचार व वचने) यांनुसार जगता येईल अशी व्यवस्था राज्याने करावयाची, आणि अल्पसंख्याकांना आपापले धर्म मोकळेपणाने पाळता व आचरता यावेत यासाठी पुरेशी तरतूद करावयाची, असे त्यात म्हटले होते. सभेतील हिंदू सदस्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या २१ विरुद्ध १० मतांनी फेटाळल्या गेल्या. मतविभागणी धर्मानुसारच झाली. पूर्व बंगालचे भूपेंद्रकुमार दत्त यांनी त्या चर्चेत बजावले होते की, राजकारण बुद्धीच्या कक्षेतले आहे आणि धर्म श्रद्धेच्या, आणि त्यांची सरमिसळ केली तर दोहोंचे नुकसान होईल. ते भाषण आज वाचताना मला नेहमी वाटते की, ठरावातील उदार शब्दांकडे लक्ष वेधणाऱ्यांनी वाक्याची रचना पाहिली नाही. मुसलमानांबद्दलच्या वाक्यात राज्य त्यांच्या वतीने उभे आहे. अल्पसंख्याकांबद्दलच्या वाक्यात राज्य त्यांच्यासाठी ‘तरतूद’ करते. ज्याच्यासाठी तरतूद केली जाते त्याला ती किती असावी हे ठरवता येत नाही.

याचा पुरावा पुढे कायद्याच्या पानावरच उमटला. १९५६च्या पहिल्या राज्यघटनेपासून हा ठराव केवळ प्रस्तावना म्हणून राहिला होता. १९८५मध्ये लष्करी शासक जनरल झिया-उल-हक यांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने ‘कलम २-अ’ घालून तो राज्यघटनेचा अंमलबजावणीयोग्य भाग केला आणि त्याचा मजकूर परिशिष्टात छापला. त्या छापील मजकुरातून अल्पसंख्याकांविषयीच्या वाक्यातला एकच शब्द गळाला होता: ‘मोकळेपणाने’. प्रस्तावनेत तो शब्द होता, परिशिष्टात नव्हता. तो परत यायला २०१०ची अठरावी घटनादुरुस्ती लागली. पंचवीस वर्षे एका देशाच्या राज्यघटनेत अल्पसंख्याकांना धर्म पाळण्याची ‘तरतूद’ होती, पण ती ‘मोकळेपणाने’ नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९९२मध्ये कलम २-अ हे इतर कलमांवर मात करणारे नाही असा निर्वाळा दिला, त्यामुळे त्या गळालेल्या शब्दाने प्रत्यक्षात किती हक्क हिरावले हे दाखवणे अवघड आहे. तरीही वकील म्हणून मला ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाही. मसुद्यातून शब्द वाऱ्याने उडून जात नाहीत.

इस्लामी राज्यात बिगरमुस्लिमांचे स्थान कोणते, हा प्रश्न पाकिस्तानात सर्वांत थेट विचारला तो न्यायाधीशांनीच. १९५३मध्ये पंजाबात अहमदींविरुद्ध दंगली झाल्या. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. मुनीर आणि न्या. कयानी यांनी १९५४मध्ये अहवाल दिला. त्यांनी प्रमुख उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, ‘मुसलमान कोणाला म्हणावे’ असे विचारले आणि कोणत्याही दोघांची व्याख्या जुळत नाही असे नोंदवले. त्याच साक्षींमध्ये जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौलाना मौदुदी यांना विचारण्यात आले की, पाकिस्तानात बिगरमुस्लिमांना राज्यकारभारात बरोबरीचे स्थान नसेल, तर भारताने मनूचा कायदा लावून तिथल्या मुसलमानांना शूद्र वा म्लेंच्छ ठरवले आणि त्यांचे नागरिकाचे हक्क काढून घेतले, तर आपली हरकत असेल का? आपली हरकत नसेल, असे त्यांनी उत्तर दिले. महाराष्ट्रात बसून हे वाचताना अंगावर काटा येतो. ‘आमचे तुमच्याकडे, तुमचे आमच्याकडे’ या हिशेबाने माणसांचे हक्क मोजू लागले की ते कुठवर जाऊन पोहोचते, हे त्या एका उत्तरात दिसते. आणि आपल्याकडेही पाकिस्तानचा दाखला देऊन याच हिशेबाची मागणी करणारे आहेत, त्यांनी ते पान अवश्य वाचावे.

आता १९७३च्या प्रचलित राज्यघटनेकडे वळू. विसावे कलम कायदा, सार्वजनिक सुव्यवस्था आणि नीतिमत्ता यांच्या अधीन राहून प्रत्येक नागरिकाला धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते, आणि प्रत्येक पंथोपपंथाला आपल्या धार्मिक संस्था चालवण्याचा हक्क देते. एकविसावे कलम दुसऱ्याच्या धर्मासाठी विशेष कर भरण्याची सक्ती करू देत नाही. बाविसाव्या कलमानुसार शाळेत परधर्माचे शिक्षण लादता येत नाही. पंचविसावे कलम कायद्यापुढे समानता देते. ही यादी आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या ते अठ्ठाविसाव्या कलमांशी ताडून पाहिली तर फारसा फरक जाणवणार नाही. फरक आहे तो आजूबाजूच्या कलमांत. दुसऱ्या कलमानुसार इस्लाम हा राज्याचा धर्म आहे. एक्केचाळिसाव्या कलमानुसार राष्ट्रपती मुसलमानच असला पाहिजे आणि एक्क्याण्णवाव्या कलमानुसार पंतप्रधानही. अल्पसंख्याकांच्या ‘रास्त हक्क व हितसंबंधांचे’ रक्षण करणारे छत्तिसावे कलम धोरणविषयक तत्त्वांत आहे, म्हणजे त्याच्या जोरावर थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. आणि २२७वे कलम सांगते की, सर्व कायदे इस्लामच्या आज्ञांशी सुसंगत केले जातील. त्याच कलमाच्या तिसऱ्या खंडात बिगरमुस्लिमांचे व्यक्तिगत कायदे आणि नागरिक म्हणून त्यांचे स्थान यांना या भागामुळे बाधा येणार नाही असे म्हटले आहे. हा खंड महत्त्वाचा आहे आणि त्याला कमी लेखू नये. पण तो व्यक्तिगत कायद्याला कुंपण घालतो, फौजदारी कायद्याला नाही. बिगरमुस्लिमांचे जगणे फौजदारी कायद्यानेच तर दुष्कर केले.

एखादा कायदा इस्लामच्या आज्ञांशी सुसंगत आहे की नाही हे तपासण्याचे काम १९८०पासून संघीय शरियत न्यायालयाकडे आले. एखादा कायदा इस्लामशी विसंगत आहे असे त्याने ठरवले की ठरावीक दिवसानंतर तो कायदा निष्प्रभ होतो. या न्यायालयाचे सर्व न्यायाधीश मुसलमान असले पाहिजेत असे राज्यघटनाच सांगते, आणि तिथे पक्षकाराची बाजू मांडणारा वकीलही मुसलमान असावा लागतो. हे नीट समजून घ्यावे. न्या. ए. आर. कॉर्नेलियस हे ख्रिस्ती गृहस्थ १९६० ते १९६८ पाकिस्तानचे सरन्यायाधीश होते. न्या. दोराब पटेल हे पारशी न्यायाधीश. त्यांनी १९८१मध्ये झियांच्या नव्या शपथेला नकार देऊन पद सोडले. न्या. राणा भगवानदास या हिंदू न्यायाधीशांनी २००७मध्ये हंगामी सरन्यायाधीश म्हणून काम केले आणि इस्लामी अध्ययनात त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलेले होते. यांपैकी कोणालाही शरियत न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसता आले नसते. जो कायदा ख्रिस्ती माणसालाही लागू होतो, त्याचे भवितव्य ठरवणाऱ्या दालनात त्याचा सहधर्मी न्यायाधीश म्हणून नाही आणि वकील म्हणूनही नाही.

याचा सर्वांत कठोर परिणाम १९९०मध्ये दिसला. त्यासाठी धर्मनिंदेच्या कलमांचा इतिहास सांगणे भाग आहे, आणि तो आपलाही इतिहास आहे. १८६०ची दंड संहिता दोन्ही देशांना वारशाने मिळाली. १९३६पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, त्यामुळे कराचीच्या आणि पुण्याच्या न्यायालयांत एकच संहिता चालत होती. लाहोरमधील एका पुस्तिकेवरून उठलेल्या वादानंतर १९२७मध्ये तिच्यात २९५-अ हे कलम आले. भारताने ते कलम आपल्या संहितेत ठेवले आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही ते वेगळ्या क्रमांकाने आहे. या कलमात दोन कुलुपे आहेत: कृत्य ‘हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने’ केलेले असावे लागते, आणि शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही. शिवाय ते कोणत्याही धर्माच्या बाजूने सारखेच उभे राहते. पाकिस्तानात १९८२मध्ये कुराणाच्या अवमानासाठी जन्मठेपेचे २९५-ब आले, आणि १९८६मध्ये प्रेषितांच्या अवमानासाठी २९५-क आले. या शेवटच्या कलमात दोन्ही कुलुपे काढून टाकली आहेत. बोललेला वा लिहिलेला शब्द, दृश्य चिन्ह, आडून सूचित केलेला अर्थ, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, सर्व त्यात येते. हेतूचा उल्लेख नाही. शासनाची मंजुरी लागत नाही. आणि खटला चालवणारा सत्र न्यायाधीश मुसलमान असावा असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या अनुसूचीतच लिहिले आहे. शिक्षा मृत्युदंड किंवा जन्मठेप होती. शरियत न्यायालयाने १९९०मध्ये जन्मठेपेचा पर्याय इस्लामविरोधी ठरवला आणि ३० एप्रिल १९९१ची मुदत घालून दिली. तेव्हापासून दोषी ठरलेल्यापुढे एकच शिक्षा उरली.

माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की, शिक्षेच्या आकड्याकडे पाहून भीती वाटते, पण खरा घात प्रक्रियेत असतो. शेताच्या बांधावरून, उसनवारीवरून किंवा शेजाऱ्याशी झालेल्या वादावरून कोणीही फिर्याद देऊ शकतो. फिर्याद नोंदली की अटक, आणि जामीन जवळजवळ अशक्य. आरोपीने काय म्हटले ते न्यायालयात उच्चारणेही पुन्हा अवमान होईल या भीतीने साक्षीदार शब्द टाळतात, त्यामुळे पुरावा तपासला जात नाही. २००४मध्ये तपास पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावा अशी सुधारणा झाली; ती योग्य होती, पण जमाव ठाण्याबाहेर उभा असेल तर अधीक्षकही माणूसच असतो. मुलतानचे वकील रशीद रहमान यांनी अशा एका आरोपी प्राध्यापकाचे वकीलपत्र घेतले. सुनावणीच्या वेळीच त्यांना धमकी मिळाली आणि मे २०१४मध्ये कार्यालयात घुसून त्यांची हत्या झाली. वकीलपत्र घेतल्याबद्दल माणूस मारला जातो, तिथे बचावाचा हक्क कोणत्या कलमात आहे हे शोधत बसण्यात अर्थ राहत नाही. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण त्यांनी केले ते आम्ही सगळे रोज करतो.

आसिया बीबी यांचा खटला या सर्वांची साखळी दाखवतो. जून २००९मध्ये नानकाना साहिब जिल्ह्यातील एका खेड्यात फालसे तोडायला गेलेल्या या ख्रिस्ती मजूर स्त्रीचा पाण्यावरून सहकारी स्त्रियांशी वाद झाला. घटना १४ जूनची, फिर्याद १९ जूनची. नोव्हेंबर २०१०मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. २ मार्चला अल्पसंख्याक व्यवहार मंत्री शहबाज भट्टी यांची हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी तिला निर्दोष सोडले. ते निकालपत्र फौजदारी कायद्याच्या दृष्टीने अगदी साधे आहे: फिर्यादीला पाच दिवसांचा उशीर का, ज्या जमावापुढे तिने कबुली दिली म्हणतात तो शंभराचा होता की दोन हजारांचा यावर साक्षीदारांचे एकमत नाही, शेतातल्या इतर स्त्रियांना साक्षीला का आणले नाही. कोणत्याही तालुका न्यायालयातल्या नवख्या वकिलाने उलटतपासणीत विचारावेत असे हे मुद्दे. ते ऐकले जायला नऊ वर्षांहून अधिक तुरुंगवास, दोन सत्ताधाऱ्यांचे प्राण आणि सर्वोच्च न्यायालय लागले. निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती निसार, खोसा आणि मजहर आलम यांचे धैर्य मी मनापासून मानतो.

अहमदींचा प्रश्न वेगळा आहे, आणि कायद्याच्या तर्काच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत गंभीर. ७ सप्टेंबर १९७४ रोजी दुसऱ्या घटनादुरुस्तीने, लोकनियुक्त संसदेने, त्यांना बिगरमुस्लिम ठरवले. स्वतःचा धर्म कोणता हे सांगण्याचा अधिकारच राज्याने आपल्याकडे घेतला. १९८४च्या विसाव्या अध्यादेशाने त्यांनी आपल्या उपासनास्थळाला मशीद म्हणणे, अजान देणे, स्वतःला मुसलमान म्हणवणे हे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचे गुन्हे झाले. त्याला आव्हान दिले तेव्हा १९९३मध्ये झहीरुद्दीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने तो कायदा वैध ठरवला. विसाव्या कलमातील ‘कायद्याच्या अधीन’ या शब्दांत इस्लामच्या आज्ञाही येतात, असा अर्थ बहुमताने लावला. आणि जशी कंपनीच्या नावाची वा व्यापारचिन्हाची नक्कल कायदा रोखतो, तशी धर्माच्या विशिष्ट संज्ञांची नक्कलही रोखता येते, असा युक्तिवाद केला. न्या. शफी-उर-रहमान यांनी अल्पमतात याच्या काही भागांशी असहमती नोंदवली. श्रद्धा ही कोणाची मालकीची खूण असते, हा तर्क एकदा मान्य केला की हक्काचे कलम उरते कुठे? अध्यादेश हक्काला छेद देतो की नाही हे तपासायचे होते. बहुमताने हक्काचीच व्याख्या अध्यादेशाला बसेल अशी केली. जानेवारी २०२२मध्ये न्या. मन्सूर अली शाह यांच्या पीठाने अहमदींना निदान आपल्या चार भिंतींच्या आत आपली श्रद्धा पाळू द्यावी असे म्हटले. हा दिलासा किती माफक आहे ते पाहा. आणि २०२४मध्ये सरन्यायाधीश काझी फाइज ईसा यांच्या पीठाने एका अहमदी आरोपीला जामीन देताना लिहिलेले परिच्छेद, निदर्शने आणि संसदेतील गदारोळ यांनंतर त्याच न्यायालयाने ऑगस्टमध्ये निकालपत्रातून काढून टाकले.

राजकीय प्रतिनिधित्वाबद्दल थोडक्यात सांगतो. १९८५पासून विभक्त मतदारसंघ आले: ख्रिस्ती मतदाराने ख्रिस्ती उमेदवारालाच मत द्यायचे आणि त्या उमेदवाराचा मतदारसंघ म्हणजे संपूर्ण देश. वस्तीत गटार तुंबले तर स्थानिक आमदाराला तिकडे फिरकण्याचे कारण उरले नाही, कारण तिथे त्याचे एकही मत नव्हते. २००२मध्ये ही पद्धत संपली. अहमदींची मतदार यादी मात्र वेगळीच ठेवली गेली. राष्ट्रीय सभेत अल्पसंख्याकांच्या राखीव जागा १९८५पासून दहाच आहेत, आणि त्या पक्षांच्या यादीतून भरल्या जातात, म्हणजे अल्पसंख्याक मतदार त्यांना थेट निवडत नाहीत. केंद्रीय नोकऱ्यांत २००९पासून पाच टक्के जागा राखीव आहेत. पण ‘फक्त बिगरमुस्लिमांनी अर्ज करावा’ अशी अट सर्वाधिक ठळक छापली गेली ती सफाई कामगारांच्या जाहिरातींत. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४७मध्येच नेहरूंना लिहिले होते की, दलितांना पाकिस्तानातून बाहेर पडू दिले जात नाही, कारण सफाईसाठी ते हवे आहेत. त्या पत्राची आठवण या जाहिराती पाहून होते.

आता अशा क्षेत्राकडे येतो जिथे अन्याय वाईट कायद्याने नव्हे, तर कायदाच नसण्याने झाला. २२७(३)ने हिंदूंचा व्यक्तिगत कायदा अबाधित ठेवला, पण हिंदू विवाहाची नोंद करणारा कायदा पाकिस्तानात जवळजवळ सात दशके नव्हता. भारताने १९५५मध्ये केला, तिकडे सिंध प्रांताने २०१६मध्ये आणि संसदेने २०१७मध्ये केला. नोंद नाही म्हणजे काय होते हे मी माझ्या फायलींमध्ये पाहिले आहे. नागरिकत्वाच्या अर्जाला पती-पत्नीचे नाते दाखवणारा कागद लागतो, आणि थरपारकर वा घोटकीहून आलेल्या पन्नाशीच्या जोडप्याकडे पंचायतीच्या चिठ्ठीखेरीज किंवा लग्नातल्या एका छायाचित्राखेरीज काही नसायचे. आम्ही प्रतिज्ञापत्रे करत असू. इथे तो कागदपत्रांचा त्रास होता. तिकडे तोच संसाराचा प्रश्न होता. विवाहित हिंदू स्त्रीला पळवून नेले, ती मुसलमान झाली आणि तिने निकाह केला असे सांगितले गेले, तर तिचा नवरा आपला विवाह सिद्ध कसा करणार? निकाहनामा छापील नोंदवहीत असतो, सप्तपदी कुठेच नोंदलेली नसते.

सिंधमधील अल्पवयीन हिंदू आणि ख्रिस्ती मुलींच्या धर्मांतराच्या प्रकरणांत न्यायालयापुढचा प्रश्न नेहमी ‘मुलगी काय म्हणते’ असा मांडला जातो, आणि ती पतीच्या घरून न्यायालयात आलेली असते. खरा कायदेशीर प्रश्न तिचे वय हा आहे. सिंधने २०१३च्या कायद्याने विवाहाचे वय अठरा केले. २०२०मध्ये कराचीतील एका ख्रिस्ती मुलीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने आधी तिला कथित पतीसोबत राहू दिले आणि नंतर निवारागृहात पाठवले; वैद्यकीय मंडळानेही ती अल्पवयीन असल्याचे सांगितले. सक्तीच्या धर्मांतराविरुद्धचे विधेयक सिंध विधानसभेने २०१६मध्ये संमत केले होते. धार्मिक पक्षांच्या विरोधानंतर राज्यपालांनी ते परत पाठवले आणि ते कायदा झाले नाही. इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे: विवाहाचे किमान वय ठरवणे इस्लामविरोधी नाही असा निकाल २०२१मध्ये दिला तो संघीय शरियत न्यायालयानेच. ‘धर्मात जबरदस्ती नाही’ हे कुराणातील वचन सर्वांना पाठ आहे. त्या परंपरेतून उदार अर्थ काढता येत नाही असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझा आक्षेप अर्थ कोण काढतो आणि त्याला प्रश्न कोण विचारू शकतो, यावर आहे.

न्यायालयांनी चांगलेही काम केले आहे आणि ते उत्तरातून वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सप्टेंबर २०१३मध्ये पेशावरच्या चर्चवर आत्मघाती हल्ला झाला. त्यानंतर न्या. तसद्दुक हुसेन जिलानी यांनी १९ जून २०१४ रोजी दिलेला निकाल दक्षिण आशियातील कोणत्याही धर्मस्वातंत्र्याच्या निकालाच्या पंक्तीत बसवावा असा आहे. विसाव्या कलमातील प्रसाराचा हक्क केवळ मुसलमानांचा नसून प्रत्येक नागरिकाचा आहे, आणि आपल्याच समाजातील बहुमताविरुद्धही व्यक्तीला श्रद्धेचे स्वातंत्र्य आहे, असे त्यात म्हटले आहे. उपासनास्थळांसाठी विशेष पोलीस दल, अभ्यासक्रमातून द्वेष काढणे, अल्पसंख्याक हक्कांची राष्ट्रीय परिषद असे आदेश त्यात होते. अंमलबजावणी होत नाही हे पाहून २०१९मध्ये न्यायालयाला निवृत्त पोलीस अधिकारी शोएब सडल यांचा एक सदस्यीय आयोग नेमावा लागला. डिसेंबर २०२०मध्ये करक जिल्ह्यातील परमहंसजी महाराजांची समाधी जमावाने जाळली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बांधण्याचा आदेश दिला आणि ती बांधली गेली. २०२१मध्ये भोंग येथील गणेश मंदिर फोडणाऱ्यांपैकी २२ जणांना पाच वर्षांची शिक्षाही झाली. दुसरीकडे, ऑगस्ट २०२३मध्ये जडांवाला येथे धर्मनिंदेच्या आरोपावरून एका दिवसात वीसहून अधिक चर्च जाळली गेली.

शेवटी कराचीबद्दल, कारण प्रश्नात ‘आता तिथे आपले कोणी उरले आहे का’ असेही विचारले होते. उरले आहेत. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा, १८५५मध्ये सुरू झालेली सिंधमधील पहिली सरकारी शाळा, आजही बंदर रोडवर त्याच नावाने उभी आहे, आणि काही मराठी हिंदू कुटुंबे दरवर्षी गणपती बसवतात व समुद्रात विसर्जन करतात. त्यांच्या उत्सवाला सहसा अडथळा येत नाही. ते कायद्यामुळे की शेजाऱ्यांमुळे, हे मला सांगता येईल असे वाटत नाही. पण शेजार बदलला तर कायदा किती काळ टिकेल, याची चिंता त्यांच्या ठिकाणी असतो तर मी केली असती. माझ्याकडे अलीकडे सिंधमधील एका तरुण जोडप्याची फाईल आली. त्यात २०१६च्या कायद्याखाली नोंदलेल्या विवाहाचा दाखला होता: शिक्का, दोघांची सही, साक्षीदारांची नावे. त्या मुलीच्या आईच्या फाईलमध्ये त्या जागी आम्ही प्रतिज्ञापत्र जोडले होते.